काळ्या दगडावरची रेघ आणि जांभ्यावरची रेघ : ‘दगड’ म्हटल्याने इतिहासातून काय निसटते?

१/
खात्रीची गोष्ट सांगताना मराठी माणूस ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. नुसती ‘दगडावरची रेघ’ कोणी म्हणत नाही. हा वाक्प्रचार ज्यांनी घडवला, त्यांना एक साधी गोष्ट ठाऊक होती : रेघ टिकणार की झिजणार, हे दगडाच्या जातीवर ठरते. प्रस्तुत धागा त्या एका विशेषणाविषयी आहे. ‘दगड’ हा सामान्य शब्द आणि ‘बेसाल्ट’ किंवा ‘जांभा’ हा विशिष्ट शब्द यांच्या अर्थांत नेमके अंतर किती? इतिहास लिहिताना ते अंतर विसरले, तर काय गमावले जाते?

२/
प्रश्न पुस्तकी नाही. वेरूळच्या कैलास मंदिराचे छायाचित्र दर काही दिवसांनी समाजमाध्यमांवर नव्याने फिरते आणि त्याखाली पुष्कळदा लिहिलेले असते : ‘अखंड ग्रॅनाइटमधून कोरलेले मंदिर.’ पुढच्याच वाक्यात ‘इतका कठीण ग्रॅनाइट त्या काळी कापणे अशक्य’ असा निष्कर्ष येतो आणि त्यानंतर परग्रहवासी किंवा हरवलेले यंत्रतंत्र अवतरते. कैलास मंदिर ग्रॅनाइटमध्ये नाही. ते बेसाल्टमध्ये आहे. एका चुकीच्या शब्दावर पुढची सगळी इमारत उभी राहिलेली असते. शब्द दुरुस्त केला की तिचा पायाच निघून जातो.

३/
आधी भाषेकडे पाहू या. मराठीत दगडासाठी शब्दांची वानवा नाही : दगड, धोंडा, गोटा, खडा, खडक, कातळ, शिळा, पाषाण, फत्तर. मात्र हे शब्द नीट तपासले, तर एक गोष्ट ध्यानात येते. यांपैकी एकही शब्द दगड कशाचा बनला आहे हे सांगत नाही. गोटा म्हणजे पाण्याने गोल केलेला. शिळा म्हणजे मोठी, सपाट. खडा म्हणजे बोटांच्या चिमटीत मावणारा. कातळ म्हणजे जमिनीशी एकसंध असलेला उघडा खडक. दगड उचलता येतो, कातळ उचलता येत नाही. या शब्दांना आकार, आकारमान आणि ठिकाण कळते. जात कळत नाही.

४/
दुसरे कुळ निराळे आहे : जांभा, गारगोटी, चुनखडी, मुरूम. हे शब्द वस्तू कोणती आहे ते सांगतात. गारगोटी हाताएवढी असो वा नखाएवढी, ती गारगोटीच राहते. जांभा जमिनीत असो, भिंतीत असो वा फुटून वाटेवर पडलेला असो, तो जांभाच असतो. म्हणजे सामान्य शब्द ‘हे माझ्यासमोर कशा रूपात आहे?’ या प्रश्नाचे उत्तर देतो, तर विशिष्ट शब्द ‘हे कशाचे आहे आणि कसे घडले?’ याचे. दोन्ही प्रश्न खरे आहेत. घोटाळा होतो तो एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवल्याने.

५/
हा घोटाळा किती सहज होतो, हे ‘कातळ’ या शब्दातच दिसते. सह्याद्रीत गिर्यारोहक ‘कातळकडा’ म्हणतात तेव्हा तो काळा बेसाल्ट असतो. रत्नागिरीचा शेतकरी ‘वरचे कातळ’ म्हणतो तेव्हा तो तांबूस, भोकाभोकांचा जांभा असतो. ‘चिरा’ या शब्दाचेही तेच. घडीव दगड एवढाच त्याचा अर्थ. देशावरच्या चिरेबंदी वाड्याचा चिरा काळ्या दगडाचा, कोकणातल्या चिरेखाणीतला चिरा जांभ्याचा. म्हणून जुन्या कागदात ‘चिरे’ एवढाच उल्लेख आला, तर कागद कुठला आहे हे पाहिल्यावाचून भिंतीचा रंगसुद्धा सांगता येत नाही.

६/
आता काळ्या दगडाकडे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांचे युग संपत असताना, आजच्या पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा वाहिला. प्रवाहावर प्रवाह साचत गेले. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्याच्याखाली येतो. ‘दख्खन ट्रॅप’ हे त्याचे शास्त्रीय नाव. ‘ट्रॅप’ हा मुळात स्वीडिश शब्द, अर्थ : पायऱ्या. वरंधा किंवा माळशेज घाटात उभे राहून समोरच्या डोंगराकडे पाहिले, की या नावाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

७/
‘बेसाल्ट’ हे नाव फार जुने. रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथातून ते युरोपात उतरले आणि १५४६ मध्ये जर्मन विद्वान आग्रिकोला याने सॅक्सनीतल्या स्टोल्पेन येथील काळ्या स्तंभाकार खडकाला ते लावले. पण नावापेक्षा महत्त्वाची आहे ती त्यामागची घडण. बेसाल्ट हा पृष्ठभागावर येऊन लवकर थंड झालेला लाव्हा. लवकर निवल्यामुळे त्याचे कण इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. ग्रॅनाइट याच्या उलट : जमिनीच्या पोटात खोलवर, अतिशय सावकाश निवलेला. त्याचे स्फटिक मोठे, पांढरे, गुलाबी, काळे असे उघड दिसणारे.

८/
मग बेसाल्ट म्हटल्याने कैलास मंदिराबद्दल नवे काय कळते? पहिली गोष्ट, थर. दख्खनचे लाव्हाप्रवाह साधारण आडवे आहेत. एका प्रवाहाचा मधला भाग घट्ट आणि एकजिनसी असतो, तर वरचा भाग निसटणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी तांबड्या मातीसारखा ठिसूळ थर सापडतो. जाड आणि घट्ट प्रवाह जिथे उभ्या कड्याच्या रूपाने उघडा पडला आहे, तिथे लेणे कोरणे सोयीचे. अशी जागा ओळखणे हे लेणे कोरणाऱ्यांचे पहिले कौशल्य होते आणि ‘दगड’ या शब्दाआड ते कौशल्य पूर्णपणे झाकले जाते.

९/
दुसरी गोष्ट, पद्धत. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडले जाणारे हे काम वरून खाली उतरत गेले. तिन्ही बाजूंनी खोल चर खणून मधला खडक मोकळा केला आणि मग त्या खडकातून शिखर, मंडप, खांब, हत्ती काढले. हे गूढ नाही. लोखंडी छिन्नीचे घाव लेण्यांच्या भिंतींवर आजही दिसतात. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले आहे. खांब कसे मोकळे करत नेले, कुठे थांबले, हे तिथे पायरीपायरीने वाचता येते. बेसाल्ट कठीण खराच, पण तो बारीक कणांचा आणि एकजिनसी आहे. त्यामुळे छिन्नीला तो सर्व बाजूंनी सारखाच उतरतो आणि धारदार कडा धरतो.

१०/
तुलनेसाठी ग्रॅनाइटच्या मुलखात जावे. हंपीत अर्धवट फोडलेल्या प्रचंड धोंड्यांवर एका ओळीत खोदलेली लहान लहान खोबणी दिसतात. खोबणीत पाचरी ठोकून धोंडा सरळ रेषेत फोडायचा, पट्ट्या काढायच्या, त्या रचून खांब आणि छते उभारायची. ही ग्रॅनाइटची रीत. तंजावरच्या बृहदीश्वराचे मंदिरही असेच रचलेले आहे, कोरून काढलेले नाही. महाराष्ट्रात मात्र डोंगर पोखरून घर करण्याची परंपरा सुमारे एक हजार वर्षे चालली आणि भारतातील शैलगृहांपैकी बहुसंख्य इथेच आहेत. आडवे, जाड, घट्ट बेसाल्टचे थर हे त्याचे एक मोठे कारण आहे.

११/
‘एक कारण’ हे शब्द मात्र जपून वाचावेत. महाबळीपुरम येथे पल्लवांनी ग्रॅनाइटच्या जातीच्या अतिशय कठीण खडकातही मंडप आणि रथ कोरले. म्हणजे खडक माणसाला हुकूम देत नाही. तो काही गोष्टी स्वस्त करतो, काही महाग. राजाश्रय, व्यापारी मार्ग, भिक्षुसंघांच्या गरजा, कारागिरांच्या पिढ्या यांच्या बरोबरीने खडकाला एक जागा द्यायची आहे, सिंहासन द्यायचे नाही. पण ती जागा द्यायची, तर आधी त्याचे नाव तरी माहीत हवे.

१२/
आता जांभा. याची कथा काळ्या दगडाहून निराळी, पण त्याच्याशी नात्याची. उष्ण हवा आणि धो धो पाऊस असलेल्या प्रदेशात खडक लाखो वर्षे कुजत राहतो. पावसाचे पाणी त्यातील सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये वाहून नेते. मागे उरते ते लोह आणि ॲल्युमिनियम. त्यांचे जाळे घट्ट होऊन तांबूस, सच्छिद्र कवच तयार होते. रत्नागिरीच्या सड्यांखाली हे कवच बेसाल्टपासूनच झालेले आहे, तर गोव्यात बऱ्याच ठिकाणी त्याहूनही जुन्या खडकांपासून. म्हणून ‘जांभा’ हा शब्द उच्चारला, की त्यात एका हवामानाचा इतिहास सांगून होतो. ‘दगड’ या शब्दात तो मावत नाही.

१३/
या खडकाला जगभर जे नाव आहे, ते भारतातच जन्मले. १८०० ते १८०१ मध्ये फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश वैद्य म्हैसूर, कानडा आणि मलबारचा प्रवास करीत होता. केरळमधील अंगाडीपुरम येथे त्याने लोक हा खडक जमिनीतून कसा काढतात ते पाहिले. ताजा असताना तो इतका मऊ असतो, की लोखंडी हत्याराने सहज चौकोनी तुकडे पडतात. वाऱ्या-उन्हात राहिला की टणक होतो. विटेसारखा वापरला जाणारा हा खडक, म्हणून त्याने ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटले. १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनातून ते नाव शास्त्रात रूढ झाले.

१४/
‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही आपली म्हण. जांभा हा असा एकमेव दगड, की ज्याचे शास्त्रीय नावच वीट आहे. आणि त्याचा स्वभावही नावाला साजेसा. चिरे पाडावेत, भिंत उभारावी, विहीर बांधावी, तट रचावा : जांभा सगळीकडे कामाचा. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांच्या तटांत तो समुद्राला तोंड देत उभा आहे. पण ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण जांभ्याच्या वाट्याला क्वचितच आली. त्याच्या छिद्रांमुळे नाजूक नक्षी धरत नाही, बोटे-डोळे-दागिने उमटत नाहीत. कोकणातल्या जुन्या देवळात भिंत जांभ्याची आणि गाभाऱ्यातली मूर्ती मात्र काळ्या पाषाणाची, हे दृश्य म्हणूनच वारंवार दिसते.

१५/
हा फरक न ओळखल्याची किंमत जुन्या गोव्यात मोजावी लागते आहे. बॉम जेझू बॅसिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ती उपासनेसाठी खुली झाली. भिंती जांभ्याच्या. दर्शनी भागातले कोरीव काम मात्र वसईकडून आणवलेल्या काळ्या बेसाल्टचे. म्हणजे बांधणाऱ्यांना दोन दगडांची दोन कामे पक्की ठाऊक होती. रचायला जांभा, कोरायला बेसाल्ट. आणि तिसरी गोष्टही ठाऊक होती : जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा हवा.

१६/
विसाव्या शतकाच्या मध्यास हा गिलावा काढून टाकण्यात आला. उघड्या दगडाची इमारत अधिक प्राचीन, अधिक ‘अस्सल’ दिसते, अशी त्यामागची अभिरुची. आज बॅसिलिका तिच्या तांबूस रूपानेच ओळखली जाते आणि पर्यटकांना ते मूळ रूप वाटते. पण गोव्याचा पाऊस सच्छिद्र जांभ्यात मुरतो आणि भिंती झिजतात. गिलावा परत करावा की नाही, यावर वाद चालू आहे. वादाचे मूळ शब्दात आहे. ‘दगडी इमारत’ म्हटले, की तिला गिलाव्याची गरज वाटत नाही. ‘जांभ्याची इमारत’ म्हटले, की गिलावा हा तिचा अलंकार न राहता तिचे कातडे ठरतो.

१७/
जांभ्याची दुसरी, याहून जुनी कथा कोकणच्या सड्यांवर आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येथील उघड्या कातळावर माणसांच्या, प्राण्यांच्या, माशांच्या आणि न उलगडणाऱ्या भौमितिक आकृती खोदलेल्या आहेत. कशेळीच्या हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. तिच्या पोटात आणखी कित्येक लहान प्राणी खोदलेले आहेत. उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, बारसू, रुंढेतळी, देवाचे गोठणे, कुडोपी, गोव्यातील फणसामाळ : कशेळीसह या ९ स्थळांचा समूह २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत नोंदला गेला.

१८/
मराठीने यांना ‘कातळशिल्प’ हा नेमका शब्द दिला. ‘दगडावरची चित्रे’ म्हटले असते, तर ती उचलून संग्रहालयात नेता येतील असे वाटले असते. कातळ उचलता येत नाही. शिल्प जिथे आहे तिथेच जपावे लागते, हा संरक्षणाचा पहिला नियम त्या शब्दातच आला आहे. पण एक गोष्ट ‘कातळ’ सांगत नाही, ती ‘जांभा’ सांगतो. उघड्यावरच्या सच्छिद्र पृष्ठभागावर पाऊस, ऊन, गुरांचे खूर आणि गाड्यांची चाके यांनी रेघ झिजते. अशा उघड्या सड्यावर, जिथे रेघांवर मातीचे थर साचलेले नाहीत, त्यांचा काळ ठरवणेही कठीण जाते. काळाविषयी अभ्यासकांत मतभेद का आहेत, याचे निम्मे उत्तर खडकात आहे.

१९/
इथे शब्दांचा हा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाला जाऊन भिडतो. लागवडीला अयोग्य जमिनीला महसुली भाषेत ‘पोटखराबा’ म्हणतात. देशातील पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशासंग्रहात ‘खडकाळ ओसाड’ असा एक वर्गच आहे. कागदावर सडा म्हणजे नुसता दगड : निरुपयोगी, रिकामा, कशासाठीही मोकळा. पण जांभ्याचा सडा रिकामा नसतो. पावसाचे पाणी त्याच्या छिद्रांतून आणि भेगांतून आत मुरते आणि उतारावरच्या, पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना मिळते. पावसाळ्यात त्याच्या बोटभर मातीत फुलांचे गालिचे उगवतात. ‘सीतेची आसवे’ ही नाजूक निळी-जांभळी फुले कीटकभक्षी आहेत, कारण त्या मातीत पोषणच तोकडे.

२०/
साताऱ्याजवळचे कास पठार हे जांभ्याच्याच टोपीखालचे पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला आणि आज तिथे प्रवेशाला शिस्त आहे, पर्यटकांची मोजणी आहे. कोकणातल्या सड्यांचा खडक तोच, पण तिथे हे संरक्षण नाही. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती सर्वेक्षण सुरू झाले आणि आंदोलन उभे राहिले. प्रकल्प असावा की नसावा, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण चर्चेची सुरुवात ‘तिथे नुसता दगड आहे’ या वाक्याने झाली, तर चर्चा सुरू होण्यापूर्वीच एक बाजू हरलेली असते.

२१/
या भूमिकेवर काही आक्षेप येणे स्वाभाविक आहे. पहिला : हे शब्दांचे अवडंबर नाही का? सामान्य वाचकाला ‘दगड’ पुरेसा आहे. उत्तर असे, की रोजच्या बोलण्यात तो पुरेसाच आहे. वाटेत ठेच लागली, तर ठेच देणाऱ्याचे भूशास्त्र कोणी विचारत नाही. पण इतिहास सांगणारा माणूस ‘का’ असे विचारतो. इथेच लेणी का? भिंत जांभ्याची आणि मूर्ती काळ्या पाषाणाची का? किल्ल्यावर पाण्याचे टाके इतके खोल का? घट्ट बेसाल्टमध्ये खोदलेले टाके पाणी धरते आणि त्यातून निघालेला दगड तटाला लागतो. एका खोदकामात दोन कामे. ‘दगड’ म्हणून थांबले, की हे ‘का’ उमटतच नाही.

२२/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या लोकांना ‘बेसाल्ट’ शब्द ठाऊक नव्हता. मग तो त्यांच्या तोंडी घालणे हा अन्याय नाही का? आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील प्राकृत शिलालेख सांगतो, की वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे ‘सेलघर’ पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. सेलघर म्हणजे शैलगृह : शिळेचे, डोंगराचे घर. भूतपालाला खडकाची जात मिरवायची नव्हती. लाकडी घर कुजते, विटांचे पडते, हे मात्र डोंगरच आहे, हा त्याचा अभिमान. तिथे ‘सेल’ या सामान्य शब्दातच सारा अर्थ आहे. भाषांतरात ‘बेसाल्टचे घर’ लिहिणारा भूशास्त्र बरोबर सांगेल आणि भूतपालाला मात्र गमावून बसेल.

२३/
तिसरा आक्षेप : विशिष्ट शब्द तरी कुठे विश्वासाचे? बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ओट्याच्या लाद्या बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतात. त्या दुसऱ्याच काळ्या अग्निज खडकांच्या असतात. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाच्या पिवळसर दगडाला माहितीपत्रके ‘बेसाल्ट’ म्हणतात, तर मालाड परिसरातील अशा पिवळसर बांधकामाच्या दगडाला भूशास्त्रज्ञ ‘ट्रॅकाइट’ म्हणतात. आक्षेप रास्त आहे आणि त्यातून निघणारा धडाही. चुकीचा विशिष्ट शब्द हा बरोबर सामान्य शब्दापेक्षा वाईट. ‘अखंड खडकातून कोरलेले’ हे विधान अपुरे असले तरी खरे आहे. ‘अखंड ग्रॅनाइटमधून कोरलेले’ हे नेमके वाटते, पण खोटे आहे.

२४/
यावरून नव्या अभ्यासकांसाठी तीन साधे दंडक काढता येतात. एक : साधनाचा उतारा देताना साधनाचाच शब्द ठेवावा. शिलालेखात ‘सेल’ असेल तर शैल, कागदात ‘चिरा’ असेल तर चिरा. दोन : वस्तूचे वर्णन स्वतः करताना शक्य तितका विशिष्ट शब्द वापरावा, आणि जात ठाऊक नसेल तर ‘खडक’ लिहून थांबावे. अंदाजाने ग्रॅनाइट लिहू नये. तीन : स्थानिकांना विचारावे. पाथरवट, वडार, चिरेखाणीतला कामगार, विहीर खणणारा यांच्याकडे या विषयाचा जो शब्दसंग्रह आहे, तो कोणत्याही कोशापेक्षा बारकाईचा आहे. कुठला दगड कधी फुटतो, कुठला पाणी धरतो, कुठला चुना मागतो, हे त्यांना हाताने कळते.

२५/
तिसऱ्या दंडकाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. इतिहासाच्या पुस्तकांत राजे, दाते आणि शिल्पकार येतात. दगडाच्या जाती जपणारी भाषा मात्र ज्यांनी दगड फोडला त्यांच्या घरात राहिली. खाणीत यंत्रे आली आणि घरे सिमेंटची झाली, तसे हे शब्द वापरणारी माणसे कमी होत आहेत. जांभा, मुरूम, गारगोटी हे शब्द विस्मरणात गेले, तर त्यांच्या जागी एकच ‘दगड’ उरेल आणि त्याबरोबर सड्याचा ‘पोटखराबा’, बॅसिलिकेचे ‘अस्सल’ उघडे रूप आणि कैलासाचे ‘अशक्य’ ग्रॅनाइट हे सगळे अधिकच पटू लागेल.

२६/
तेव्हा पुढच्या भटकंतीत किल्ला, लेणे, देऊळ वा सडा समोर आला, की कोणी बांधले आणि कधी, या दोन प्रश्नांच्या आधी तिसरा विचारावा : हे कशाचे आहे? हातात घेऊन पाहावे, छिद्रे आहेत का, कण दिसतात का, रंग आत-बाहेर एकच आहे का. कोरलेल्या पृष्ठभागावर पाय देऊ नये आणि आपले नाव तर अजिबात कोरू नये. काळ्या दगडावरची रेघ आपोआप टिकते, अशी आपल्या भाषेची खात्री आहे. कोकणच्या सड्यावरच्या रेघेला ती खात्री लाभलेली नाही. ती पाहणाऱ्यांनीच जपायची आहे.